बसण्याआधी विचारणारे मास्तर

मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकच बाक होता आणि त्या बाकावर मी बसलो होतो. तेवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले. अंगात बंद गळ्याचा कोट, खाली पाटलोण, आणि ती सायकलच्या चाकात जाऊ नये म्हणून घोट्यापाशी चिमट्याने आवळलेली. बाकाच्या रिकाम्या बाजूपाशी ते थांबले, कमरेत किंचित वाकले आणि अदबीने म्हणाले, "बसू ना?"

माझी कोवळी नोकरी. एवढा वडीलधारा माणूस आपली परवानगी विचारतोय म्हणून मी ओशाळून अर्धा उठलोच. म्हटलं, "बसा की मास्तर!"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाही विचारलं," ते म्हणाले आणि बसले.

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी बाकाखालीही वाकून बघितलं.

मधल्या सुट्टीपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग राहवेना. "मास्तर, सकाळी तुम्ही कोणाला विचारलंत?"

"देव कोठे आहे?" त्यांनी मलाच उलट प्रश्न टाकला.

मी वसईच्या होळी भागातला, फुलांची आणि केळीची वाडी असलेल्या घरातला हिंदू मुलगा. कीर्तनं ऐकत वाढलेला. मी ठणकावून सांगितलं, "चराचरात आहे."

"या बाकावर?"

"असणारच."

"मग तुम्ही सकाळी त्याच्या मांडीवर धपकन बसलात, ते न विचारताच ना?"

आमचा प्रल्हादही खांबात देव आहे म्हणाला होता आणि तो निघालाही. पण म्हणून घरच्या खांबाला टेकून बसताना आमच्या वडिलांनी कधी खांबाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. देव सर्वत्र आहे हे आपण सगळेच म्हणतो. म्हणतो आणि सोडून देतो. मास्तरांनी ते सोडलं नव्हतं, एवढीच काय ती त्यांच्यात आणि जगात तफावत.

स्वातंत्र्य येऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळा चर्चची होती, मुलं मात्र सगळ्यांची. मास्तर गणित आणि भूमिती शिकवत, शिवाय ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणही देत. शाळेत आणि गावात त्यांना सगळे नुसतं 'मास्तर' म्हणत. दुसरे मास्तर आले तरी त्यांना नाव लावावं लागे, यांना नाही.

मास्तरांची सायकल गावात दिसण्याआधी ऐकू येई. केळीच्या वाड्यांमधून जाणारा तो अरुंद रस्ता दुपारचा अगदी सुनसान असे. कुत्रंही आडवं जात नसे. तरी मास्तर घंटी वाजवत जात, सलग, न थांबता. एकदा मी मागे कॅरियरवर बसलो होतो. कानठळ्या बसायला लागल्या तेव्हा म्हटलं, "मास्तर, रस्ता मोकळा आहे."

"तुम्हाला मोकळा दिसतोय," ते म्हणाले आणि आणखी जोरात वाजवायला लागले.

पान त्यांना भारी प्रिय. आमच्या भागातलं पान तेव्हा पार कुठल्या कुठे जाई आणि मास्तरांच्या दारातच पानवेल होती. पण पान खाणाऱ्याला पिंक टाकावी लागते, आणि टाकायची कुठे? मास्तर तोंड भरून ओसरीच्या कडेला येत, उजवीकडे बघत, डावीकडे बघत, आभाळाकडे बघत, आणि शेवटी गटकन गिळून टाकत. मग उचक्या लागत. भूमितीचा तास त्यांनी कित्येकदा उचक्यांवर काढला आहे. मुलांना त्यामुळे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तालात पाठ झाली.

पाठीचा घोळ तर विचारू नका. चर्चमध्ये वेदीकडे पाठ फिरवायची नाही, अशी त्यांच्यातल्या जुन्या माणसांची रीत. म्हातारी मंडळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चार पावलं मागे मागे सरकतात, गुडघा टेकतात, मग वळून बाहेर पडतात. मास्तर मागे मागे निघत ते दारातून तसेच बाहेर येत, पायऱ्या तशाच उतरत आणि उलट्या पावलांनी रस्त्याला लागत. एका रविवारी ते असे चालता चालता वांग्यांच्या बैलगाडीत जाऊन बसले. गाडीवाला ओरडला, "मास्तर, चर्च मागं राहिलं! आता वळा की सरळ!"

"चर्च मागे राहिलं," गाडीतून मास्तर म्हणाले, "पण तोही तिथेच राहिला का?"

अडचण अशी होती की तो पुढे आहे तसा मागेही आहे. म्हणजे कसंही उभं राहिलं तरी त्याच्याकडे पाठ होणारच. मास्तर दोन-तीन आठवडे या विचाराने एका जागी स्थिर उभे राहू शकत नव्हते. फळ्यावर एक ओळ लिहीत आणि गर्रकन वळत, पुन्हा एक ओळ आणि पुन्हा गर्रकन. अखेर फादरांनीच तोड काढली. कॅथलिक लोक कार्मेल मातेचं उत्तरीय म्हणून गळ्यात एक वस्तू घालतात. तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे दोन फितींना जोडलेले, एक छातीवर येतो आणि एक पाठीवर. फादर म्हणाले, "मास्तर, पाठीवरचा तुकडा पाठीकडच्या देवाला नमस्कार करतोय असं समजा आणि कृपा करून सरळ चाला." मास्तरांना ते तंतोतंत पटलं. फक्त त्या दिवसापासून पाठीवरचा तुकडा ते कोटाच्या बाहेर काढून ठेवू लागले. आत राहिला तर त्याला दिसणार नाही, म्हणाले.

फादर आमच्या भागातलेच होते. गोल, बुटके, मायाळू, पण नियमाला पक्के. एकच व्यसन, तपकीर. त्यांची शिंक एवढी जबरदस्त की चर्चच्या माळ्यावरची पारवे उडून नारळीवर जाऊन बसत. मात्र मिस्सा असो की कुठलाही विधी, तो चालू असताना ते डबीला बोट लावत नसत. यावरून त्यांचं केवढं कौतुक होई!

मास्तरांची बायको पाचूबंदरच्या मच्छीमार घरातली. धट्टीकट्टी, मोकळ्या गळ्याची. तिला आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. मासळी धुतलेलं पाणी टाकायला ती परसात आली की मास्तर धावत येत, "थांब, थांब, विचारून टाक!" मग ती हाळी घाली, "सरक रे देवा!" आणि लगेच भांडं रिकामं करी.

"सरकणार कुठे?" मास्तर कळवळून म्हणत. "तिकडेही तोच आहे!"

"मंग भिजंल जरा. दर्यात भिजत नाय काय तो?"

या बाईचा देव मास्तरांच्या देवापेक्षा काटक होता, असं मला नेहमी वाटे.

पण मास्तर मुळात असे नव्हते. चांगले न विचारता बसत, खुशाल पिंका टाकत, असं जुनी माणसं सांगत. असे ते का झाले ते गावात प्रत्येकाला माहीत होतं, आणि महिन्याभरात मलाही कळलं.

त्यांचं लग्न उशिरा झालं. पहिली मुलगी दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी जन्मली. रडली नाही, नुसती धापा टाकत राहिली. कॅथलिकांमध्ये मूल जन्मलं की त्याचा बाप्तिस्मा करतात, म्हणजे डोक्यावर पाणी ओतून त्याला देवाच्या घरात घेतात. एरवी हे काम फादरांचं. पण मूल हाती लागत नाही असं दिसलं, तर घरातल्या कोणीही गडूभर पाणी घ्यावं, ओतावं, ठरलेले शब्द म्हणावेत, तोही बाप्तिस्मा पुरा होतो. हे मास्तरांइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी तेच शिकवत. "घाबरायचं नाही, पळायचं नाही, पाणी घ्यायचं," असं मुलांकडून घोकून घेत. आणि ती वेळ स्वतःच्या घरात आली तेव्हा मास्तर अनवाणी पळत सुटले, फादरांना आणायला. फादर जेवत होते. उष्ट्या हातानेच धावत आले. पण मुलगी तेवढी थांबली नाही.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला तेव्हा आशीर्वाद दिलेल्या जमिनीत पुरत नसत. तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर, समुद्रकाठी वाढणाऱ्या भेंडीच्या मोठ्या झाडाखाली ठेवलं. क्रूस नाही, नाव नाही. त्यानंतर त्या घरात दुसरं मूल झालं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचा मृतांचा दिवस येतो. सगळी घरं आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. संध्याकाळी फादर लॅटिन प्रार्थना म्हणत एकेका कबरीपाशी जातात आणि बादलीत बुडवलेल्या काडीने पवित्र पाणी शिंपडतात. त्या पाण्यासाठी लोक मुंबईची नोकरी टाकून गावी येतात. लाल लुगड्यातल्या बाया आत कबरीशेजारी उभ्या असत आणि मास्तरीणबाई एक मेणबत्ती घेऊन भिंतीबाहेर. फादर भिंतीपर्यंत येत आणि वळून जात. एरवी देवाला सरक म्हणणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलत नसे. फक्त भिंतीवरून दिसणाऱ्या त्या पाण्याच्या काडीकडे बघत राही. मी आमच्या वाडीतली शेवंती घेऊन पहिल्या वर्षी गेलो तेव्हा हे पाहिलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

मास्तरांची सगळी लढाई त्या पाण्यासाठी होती. दर आठवड्याला ते फादरांना गाठत. मी एकदा ऐकलं आहे.

"फादर, देव सर्वत्र आहे ना?"

"आहे मास्तर."

"भिंतीच्या आत?"

"आहे."

"भिंतीत?"

"दगडातसुद्धा आहे."

"भिंतीपलीकडे?"

"तिकडेही आहे. मागच्या सोमवारी होता, आजही आहे."

"मग पाण्याचे चार थेंब पलीकडे टाकायला काय हरकत?"

फादरांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली, परत उघडली. म्हणाले, "देवाला भिंत नाही मास्तर. मला आहे."

मला फादरांचा भयंकर राग आला. नियम करणारे कुठे लांब बसलेले, आणि रडणारी बाई इथे. पण राग येऊन उपयोग काय? फादरांचे डोळेही ओले होते, ते मला दिसत होते.

शाळा तपासायला साहेब आले तो प्रसंग सांगायलाच हवा, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा हात आहे. मास्तरांनी वर्गाला एक सवय लावली होती. पाढे चालू असोत नाहीतर नकाशा, ते मध्येच गरजत, "देव कोठे आहे?" आणि सगळा वर्ग एका दमात उत्तर देई, "देव सर्वत्र आहे!" ख्रिस्ती मुलं, हिंदू मुलं, खिडकीबाहेर बोरं खाणारी दुसऱ्या वर्गातली मुलं, सगळी. झोपेत विचारलं तरी उत्तर येई, अशी आयाबायांची तक्रार होती. आणि हजेरी संपली की मास्तर शेवटी नुसतं "आणि?" म्हणत. मुलं ओरडत, "हजर!"

साहेब पुण्याकडचे, कडक टोपीवाले. त्यांनी विचारलं, "हा शेवटचा कोण?"

"देव, साहेब," मास्तर म्हणाले.

"वर्गात देवाची हजेरी घेता?"

"घ्यावी लागते साहेब. आजवर एकदाही गैरहजर नाही."

"मग उभा करा त्याला!"

मास्तरांना खरोखरच वाईट वाटलं. "साहेब, तो बसलेलाच नाही. तुम्ही मात्र मगाशी खुर्चीवर न विचारता..."

मी त्यांच्या कोटाची शेपटी ओढली म्हणून वाक्य तिथेच थांबलं. साहेबांनी शेरा लिहिला की या वर्गात शिस्त उत्तम आहे, परंतु एक विद्यार्थी दिसत नाही. तो शेरा वाचून फादर इतके हसले की तपकिरीशिवाय शिंकले.

त्या वर्षीच्या पावसात दफनभूमीची पश्चिमेकडची भिंत कोसळली. नेमकी भेंडीच्या बाजूची. मृतांच्या दिवसाआधी ती उभी करायची होती आणि गाव तर भातकापणीत अडकलेलं. दिवाळीच्या सुट्टीत रिकामा असा माणूस एकच, आणि भूमिती शिकवणारा म्हणजे भिंत सरळ बांधून घेईल, असा फादरांनी साधा हिशेब केला. देखरेखीला मास्तर नेमले. मला घरचं काम चुकवायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर जाऊन बसू लागलो.

धाकू गवंड्याने पहिल्या दिवशी जुन्या पायावर खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली.

"जरा पलीकडे घे," मास्तर म्हणाले.

"कशाला? जुना पाया हितंच हाय."

"इथे तो उभा आहे."

"कोन?"

"देव."

धाकूने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे पाहिलं.

"मंग पलीकडं नाय का तो?"

"पलीकडेही आहे."

"मंग तिकडं त्याच्या पायावर दगड ठेवले तर चालतात?"

"तिकडे त्याने जागा दिलीय," मास्तर म्हणाले. धाकूला दगड रचायचे होते, शास्त्रार्थ करायचा नव्हता. त्याने खुंटी उपटून पलीकडे ठोकली.

दुसऱ्या दिवशी देव आणखी थोडा पलीकडे सरकून उभा होता. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा. धाकू सकाळी आला की आधीच विचारी, "आज कुटं उबा हाय?" मास्तर हात लांब करून दाखवत आणि धाकू तिकडे दोरी नेई. भाताचे भारे घेऊन जाणारे लोक थांबून बघत. भिंत एका टोकाला सरळ निघाली, मध्ये बाहेर फुगली आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा सरळ व्हायला आली. "मास्तरांच्या भिंतीला दिवस गेले," असं कोणीतरी म्हणालं आणि गावभर हसू पिकलं. एवढी वर्षं भूमिती शिकवून माणसाला एक सरळ रेघ येऊ नये, याचं मलाही हसू आलं.

मग त्या फुगवट्याच्या आत मला भेंडीचं झाड दिसलं, आणि माझं हसू गेलं.

"मास्तर," मी हळूच म्हटलं, "हे फादरांना काय सांगाल?"

"विचारलं तर खरं सांगेन. जमीन चर्चचीच आहे, मी काही घरी नेत नाहीये."

"पण देव सर्वत्र आहे असं तुम्हीच म्हणता. मग भिंत हलवायची गरज काय?"

दोरीचं टोक त्यांच्या हातात होतं. ते बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "गुरुजी, मी त्याला आणायला चर्चकडे पळालो. आणि तो घरात होता. पाण्याच्या गडूजवळ उभा होता. मी त्याच्या अंगावरून धावत गेलो. आता मला कळतं तो कुठे कुठे असतो ते. मला भिंतीचं काही नाही. पण तिची आई दरवर्षी बाहेर उभी राहते. देव सर्वत्र असेल हो, आई एकाच जागी असते."

मी उठलो आणि धाकूला दगड देऊ लागलो.

मृतांच्या दिवशी दुपारपासूनच दफनभूमी फुलून गेली. मी शेवंतीची टोपली घेऊन गेलो. भिंतीच्या पोटात, भेंडीखाली, मास्तरीणबाई गुडघ्यांवर बसली होती. समोर एक मेणबत्ती. पहिल्यांदाच ती आत होती. बाजूला मास्तर, कोटाच्या पाठीवर तो तपकिरी तुकडा. त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

काळा झगा घातलेले फादर लॅटिन म्हणत, पाणी शिंपडत कबरीमागून कबर येत होते. मागे बादली घेतलेला चर्चचा सेवक आणि सगळं गाव. भिंतीपाशी फादर थांबले. लॅटिनही थांबलं.

"मास्तर, भिंतीला हे काय झालंय?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना उचकी लागली. पान गिळलं असावं. तेव्हा मास्तरीणबाईच बोलली. गुडघ्यांवरून उठली नाही.

"भिंत नाय हालली फादर. माजी पोरगी आता चांगली चालती झाली असती. ती चालत आत आली."

मागे कोणी कोणी हसत होतं, ते गप्प झालं. फादर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, भिंत सरकली म्हणून जमीन पवित्र होत नाही. ती आशीर्वादाने होते."

"मंग द्या," ती म्हणाली.

इतकं सोपं बोलणं मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही. फादर म्हणाले, तो अधिकार माझा नाही, वर विचारावं लागेल. पण वाक्य पुरं करताना ते तिच्याकडे बघत नव्हते, हातातल्या ओल्या काडीकडे बघत होते. बादली भरलेली होती. वारा पडला होता. वळून जायला फादरांचं पाऊल काही उचलेना.

आणि त्या शांततेत मास्तर, दोन उचक्यांच्या मध्ये, वर्गातल्या खणखणीत आवाजात ओरडले, "देव कोठे आहे?"

गर्दीत शाळेतली झाडून सगळी पोरं होती. मेणबत्त्या धरलेली, आयांच्या पदराला धरलेली, भिंतीवर चढून बसलेली. एकानेही विचार केला नाही. "देव सर्वत्र आहे!"

फादरांनी डोळे मिटले. उजव्या हातातली काडी त्यांनी बादलीत खोल बुडवली आणि तशीच निथळती वर धरली. डावा हात काळ्या झग्याच्या आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यात डबी होती. विधी चालू असताना! पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. फादरांनी अंगठ्याने झाकण उडवलं, चांगली दणदणीत चिमूट घेतली आणि ओढली.

एवढी मोठी शिंक मी पुन्हा ऐकली नाही. शिंकेबरोबर त्यांचं अख्खं अंग हललं आणि वर धरलेला हात खाडकन खाली आला. पाणी भेंडीवर उडालं, भेंडीखालच्या मातीवर पडलं, मास्तरीणबाईच्या केसांवर, मास्तरांच्या चष्म्यावर, धाकूच्या फुगलेल्या भिंतीवर, माझ्या शेवंतीवर. मेणबत्ती चुर्र करून विझली. आमच्यात बोलण्यावर कोणी शिंकलं की ते बोलणं खरं मानतात. घरची सवय, माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "सत्य!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. फादरसुद्धा. मग त्यांनी रुमालाने नाक पुसलं, "सर्दी झालीय," म्हणाले आणि लॅटिन जिथे सोडलं होतं तिथून उचलून पुढच्या कबरीकडे गेले.

त्यानंतर फादरांना दरवर्षी त्याच दिवशी, त्याच जागी सर्दी व्हायला लागली. एका वर्षी ते तिथे पोचले, झग्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा पडला. डबी घरी राहिली होती. क्षणभर सगळे चरकले. आणि मग एकदम चहूबाजूंनी डब्या पुढे झाल्या. म्हाताऱ्यांच्या, कमरेला खोचलेल्या बायांच्या, धाकूची, आणि माझीसुद्धा. मी जन्मात तपकीर ओढलेली नाही. पण असावी म्हणून वसईच्या बाजारातून घेऊन ठेवली होती. पुढे त्यांच्या जागी तरुण फादर आले, ते कसलंच व्यसन करत नसत. जाताना आधीच्या फादरांनी त्यांच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, पण भेंडीपाशी त्यांना खोकला येई, तोही ओली काडी हातात असतानाच.

मास्तर मात्र बदलले नाहीत. घंटी वाजतच राहिली, पिंका गिळल्या जातच राहिल्या. भिंतीचं हसूही गावात टिकलं. नव्या माणसाला ती मुद्दाम नेऊन दाखवतात आणि भूमिती शिकवणाऱ्याने बांधली म्हणून सांगतात.

मला मात्र त्या पहिल्या शिंकेनंतरची संध्याकाळ आठवते. गर्दी पांगली होती. मास्तरीणबाई विझलेली मेणबत्ती शेजारच्या कबरीवरून पेटवून आणत होती. चष्मा पुसत मास्तर भेंडीखाली आले, त्या एवढ्याशा जागेपाशी थांबले, कमरेत किंचित वाकले आणि म्हणाले, "बसू ना?"

मेणबत्ती मातीत रोवता रोवता, मान वर न करता मास्तरीणबाई म्हणाली, "बसा की."

"तुला नाही विचारलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य आता येणार म्हणून मी टोपली घेऊन तसाच उभा राहिलो. ते आलं नाही. मास्तर तिच्या शेजारी गुपचूप बसले.